रिंगणातला निरोप: लेकरं लातूरला ठेवलेल्या आई-बापांना खुलं पत्र

अंबाजोगाई, केज, धारूर, परळी, रेणापूर, अहमदपूर या भागातल्या आणि पोरगं किंवा पोरगी शिकायला लातूरला ठेवलेल्या तमाम आई-बापांना,

सप्रेम नमस्कार.

मी अंबाजोगाईत बसस्टँडजवळ मोबाईलचं दुकान चालवतो. दुकान म्हणजे आठ बाय दहाचा गाळा. रिचार्ज, कव्हर, टफन ग्लास, डिस्प्ले बदलणं, चार्जिंग पिन बदलणं, झालंच तर कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो बदलून देणं. जून लागला की माझ्याकडं एक ठरलेलं गिऱ्हाईक सुरू होतं. पुढं बाप, मागं पोरगी, पोरीच्या हातात नवी ट्रॉली बॅग आणि बापाच्या खांद्यावर सुतळीनं आवळलेली गादी. लातूरची गाडी लागायला वेळ असतो. तेवढ्यात बाप विचारतो, "ते आपोआप मेसेज येणारं करून देता का?"

‘ते’ म्हणजे काय, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. फोनमध्ये एक जागा नेमून द्यायची. लेकराची रूम म्हणा, गावाकडचं घर म्हणा. लेकराचा फोन त्या जागेजवळ आला की त्यानं हात न लावता तुमच्या फोनवर मेसेज पडतो: ‘रूमवर पोहोचले.’ पूर्वी हे विचारणारा महिन्यातून एखादा यायचा. आता सीझनला दिवसाला दोन-चार येतात. मी करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. पण या दोन शब्दांपायी गेल्या दोन वर्षांत दुकानात आणि घरात जे बघितलं, ते सगळ्यांना एकदाच सांगून टाकावं असं वाटलं. काउंटरवर सांगायला जावं तर मागं रिचार्जवाला उभा असतो.

आधी एक प्रसंग सांगतो. एक गृहस्थ आले. नाव-गाव सांगत नाही, माणूस सज्जन आहे. पोरगी समोरच्या रसवंतीत बसलेली आणि तिचा फोन यांच्या हातात. काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाले, "तिला कळू न देता व्हईल का? कुठं जाती, कवा जाती, सगळं माझ्या मोबाईलवर आलं पायजे. लपवून ठेवा तेवढं." मी म्हणालो, होत नाही. ते म्हणाले, "होतंय की. आमच्या साडूनं केलंय." वर 200 ची नोट ठेवली. मी नोट परत सरकवली. मी काही साधू नाही, 200 रुपयाला नाही म्हणायचे दिवस नाहीत माझे. पण फोन तिचा, आणि ती पन्नास पावलांवर रस पीत बसलेली. म्हणालो, तिला बोलवा, तिच्यादेखत करतो. ते रागानं उठले आणि पलीकडच्या दुकानात गेले. तिथं काय झालं मला माहीत नाही. पोरगी मात्र गाडीत चढताना फोन उलटापालटा करून बघत होती. कव्हर नीट बसलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी दोन शब्द वेगळे वापरायला लागलो, एक निरोप आणि दुसरा माग. पोहोचल्याचं कळणं हा निरोप. जाईल तिथं मागं मागं नकाशावर फिरणं हा माग. यंत्र दोन्हीसाठी तेच, म्हणून लोकांची गल्लत होते. गूगल मॅप्समध्ये लोकेशन शेअर केलं की समोरच्याला वाटेल तेव्हा नकाशा उघडून बघता येतं, आणि अमुक ठिकाणी पोहोचली किंवा तिथून निघाली की मला कळव, अशी सूचनाही लावता येते. पण ती सूचना लावल्याचं गूगल त्या लेकरालाही कळवतं, ते लपत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लाइव्ह लोकेशन आहे. ते 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास चालतं आणि मग आपलं आपण बंद होतं. प्रवासात एकटं असताना तासाभरासाठी ते चांगलंच आहे. मात्र पोहोचल्यावर स्वतःहून ‘पोहोचलो’ असं व्हॉट्सअ‍ॅप लिहीत नाही. ते काम करणारी वेगळी अ‍ॅप लागतात, आणि तीच मी बसवून देतो.

आयफोनवाली गिऱ्हाइकं माझ्याकडं कमी. पण सप्टेंबर 2023 मध्ये त्यांच्याकडं आयओएस 17 आलं, त्यात ‘चेक इन’ नावाची सोय आहे. ती बघून मी मनात मान डोलावली. त्यात निघणारं माणूस स्वतः सांगतं की मी अमुक ठिकाणी चाललोय आणि हे अमक्याला कळू दे. पोहोचलं की फोन आपोआप कळवतो. वाटेत अडकलं तर फोन आधी त्यालाच विचारतो, की वेळ लागतोय, ठीक आहेस ना? 15 मिनिटं उत्तर आलं नाही, तरच समोरच्याला ठिकाण, बॅटरी किती उरली, रेंज किती आहे, हे दिसायला लागतं. म्हणजे सुरुवात लेकराच्या हातानं, आणि न पोहोचल्यावर काय करायचं याचाही विचार केलेला. आपल्याकडं अडचण अशी की दोन्हीकडं आयफोन लागतो. लेकीकडं अँड्रॉइड आणि आईकडं बटणाचा फोन, अशा घरात त्याचा काही उपयोग नाही.

आता आपल्या साध्या अँड्रॉइडवर हे चालतं कसं, ते नीट समजून घ्या, कारण निम्मी भांडणं ते न समजल्यामुळं होतात. नकाशावर एक बिंदू धरायचा आणि त्याच्याभोवती गोल आखायचा. इंग्रजीत त्याला जिओफेन्स म्हणतात. मी गिऱ्हाइकाला रिंगण म्हणून सांगतो, वारीमुळं लगेच कळतं. फोन रिंगणात शिरला की निरोप सुटतो. इथपर्यंत सोपं आहे.

पण फोन दिवसभर उपग्रहाकडं डोळे लावून बसत नाही. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,000 किलोमीटरवर फिरतात. तिथून येणारा बारीक सिग्नल धरायला फोनला ताकद लागते. सतत धरत बसला तर दुपारपर्यंत बॅटरी खलास. म्हणून तो बराचसा कारभार अंदाजानं करतो. आसपास कुणाकुणाचे वायफाय दिसतात, कोणता टॉवर आहे, यावरून तो ‘आपण इथं असू’ असं ठरवतो. वायफाय भरपूर असतील तिथं हा अंदाज 20 ते 50 मीटरपर्यंत बरोबर येतो. वायफाय नसलेल्या उघड्या मुलखात तोच काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत चुकू शकतो. हे माझं मत नाही. अँड्रॉइड बनवणाऱ्यांनीच आपल्या कागदात लिहून ठेवलंय, आणि रिंगणाची त्रिज्या किमान 100 ते 150 मीटर ठेवा असंही सांगितलंय. त्यात फोन एका जागी पडून असला तर तो आणखी सावकाश बघतो. पाच-सहा मिनिटं उशीर झाला तर तो बिघाड समजू नका, ती त्याची चालच आहे.

आता लातूरच्या ट्यूशन एरियात 100 मीटरचं रिंगण आखून बघा. हॉस्टेल, मेस, झेरॉक्स, अभ्यासिका, चहाची टपरी, पोह्यांचा गाडा, सगळं त्यात बसतं. म्हणजे ‘रूमवर पोहोचले’ याचा खरा अर्थ ‘रूमच्या आसपास कुठंतरी आले’ एवढाच. मेसेज आला आणि दोन मिनिटांनी फोन केला तर मागं गाड्यांचे हॉर्न वाजतात, म्हणून एका बापानं पोरीला खोटारडी ठरवलं. पोरगी खाली टपरीवर चहा पीत होती. खोटं ती बोलली नव्हती, ते वाक्य तिनं लिहिलंच नव्हतं.

माझ्या स्वतःच्या घरचंही सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्याचीच झाकणं उघडतोय. माझा मुलगा लातूरला अकरावीला होता. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. पहिले दोन महिने तो पोहोचला की फोन करायचा, आणि मग आई, आजी असं सगळ्यांशी बोलणं व्हायचं. मी मोबाईलवाला, मला सुरसुरी. त्याच्या फोनमध्ये रिंगण आखून दिलं. आठ-सव्वाआठला मेसेज पडायचा. मला वाटलं होतं, ‘पोहोचलास का’ विचारायचं वाचेल आणि दुसरं काहीतरी बोलता येईल. झालं उलटंच. मेसेज यायला लागला आणि आम्ही दोघांनीही फोन करणं सोडून दिलं. लक्षातही आलं नाही.

एका रविवारी मेसेज आला नाही. साडेआठ, नऊ, साडेनऊ. फोन लावला तर रिंग जात होती, उचलत नव्हता. हॉस्टेलच्या नंबरवर कुणी घेईना. त्याच्या दोस्ताचा नंबर माझ्याकडं नव्हता, बघा, गावच्या निम्म्या लोकांचे नंबर माझ्याकडं आहेत आणि पोराच्या रूममेटचा नाही. बायको काही बोलत नव्हती, नुसती देवघरासमोर बसून होती, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट. साडेदहाला मेहुण्याला उठवलं आणि मोटरसायकल काढली. बर्दापूर मागं पडलं, रेणापूर मागं पडलं. वाटेत बसचा अपघात दिसतो का म्हणून मी रस्त्याच्या कडा बघत होतो. हॉस्टेलवर पोहोचलो तेव्हा मध्यरात्र झालेली. वॉचमननं शिव्या देत दार उघडलं. पोरगं उशीखाली फोन ठेवून गाढ झोपलेलं. फोन सायलेंटवर. डोळे चोळत मला म्हणतो, "पप्पा, कामून आलाव?"

कारण काय निघालं, तर बॅटरी वाचवायच्या नादात फोननं ते अ‍ॅपच झोपवून टाकलं होतं. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ही खोड असते. जे अ‍ॅप तुम्ही चार दिवस उघडलं नाही ते फोन मागच्या मागं बंद करतो. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपपुरती बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करावी लागते, ‘ऑटोस्टार्ट’ चालू करावं लागतं आणि लोकेशनची परवानगी ‘अलाऊ ऑल द टाइम’ द्यावी लागते. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये मी हे न चुकता करतो. पोराच्या फोनमध्ये ‘करू की नंतर’ म्हणून राहिलं होतं.

मेसेज न येण्याची आणखी साधी कारणं आहेत, तीही सांगून ठेवतो. रिचार्जची 28 दिवसांची मुदत संपली की बाहेर मेसेज जात नाही, रिंगण कितीही नीट आखलेलं असो. लोकेशन बंद करून ठेवलं तरी तेच. फोन बदलला की सगळं नव्यानं करावं लागतं. आणि चार्जिंग संपलं की संपलंच. यातलं एकही कारण म्हणजे संकट नव्हे. तरी आपल्या डोक्यात आधी संकटच येतं.

ते का येतं, हेही मला कळतं. आपल्या भागातल्या माणसाला खुशालीची किंमत फार लवकर कळलेली आहे. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपलेले. माझी मावशी औसा तालुक्यात दिलेली. फोन नाही, रस्ते भरलेले, रेडिओवर आकडे वाढत चाललेले. वडील मिळेल त्या ट्रकनं गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गावातला एक जण त्यांचा निरोप घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "हाय. मावशी हाय." एवढाच निरोप. आजी तिथंच उंबऱ्यावर बसली. त्यामुळं तुम्ही ‘पोचलास का’ असं दहादा विचारता तेव्हा मी हसत नाही.

पोहोचल्याचं कळवायची पद्धत काही मोबाईलनं आणलेली नाही. आमच्या घरी 15 पैशांची कार्डं आणून ठेवलेली असायची. ‘सुखरूप पोहोचलो, गाडीत जागा मिळाली, डबा पुरला, काळजी नसावी.’ कार्ड यायचं चौथ्या दिवशी, तोवर पोहोचलेलं माणूस तिथं रुळलेलंही असायचं. मग एसटीडी बूथ आले. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि आपल्या लोकांनी त्याच्याही पुढची युक्ती काढली. पोहोचलास की दोन रिंग दे आणि ठेव. एक पैसा न खर्चता निरोप. खरं म्हणजे आपोआप मेसेजचा आजा हा मिस कॉलच. फरक एवढाच, की मिस कॉल द्यायला बोट लेकराचं लागायचं.

आता ज्या गोष्टीसाठी मुद्दाम पत्र लिहायला बसलो, तिच्याकडं येतो. धारूरकडच्या एका गावची मुलगी. आई-बाप ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की ट्रॅक्टरमध्ये संसार घालून कर्नाटकात, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परत. मुलगी लातूरला शिकते, सुट्टीत गावी आजीकडं येते. जाण्याआधी आई माझ्याकडं आली. जुना टचचा फोन होता, पण लिहिता-वाचता येत नाही. मी मुलीच्या फोनमध्ये घराचं रिंगण आखलं आणि आईच्या फोनवर मुलीच्या मेसेजला देवळातल्या घंटेचा आवाज लावून दिला. घंटा वाजली की समजायचं, पोरगी घरी. आई दोनदा घंटा वाजवून ऐकून गेली.

पण गावात एकच टॉवर, वायफायचं नाव नाही. लहान रिंगणात निरोप सुटेना. दोनदा मुलगी घरी पोहोचली तरी घंटा वाजली नाही. मुलीनं दुकानात येऊन सांगितलं, तेव्हा मी शहाणपणा केला. त्रिज्या वाढवून दीड किलोमीटर केली. त्यानंतर घंटा बरोबर वाजायला लागली. आणि संक्रांतीच्या सुट्टीत बसला उशीर झाला, मुलगी फाट्यावर उतरली तेव्हा अंधार पडलेला. फाटा गावापासून सव्वा किलोमीटर. गावात जाणारी जीप निघून गेलेली. ती फाट्यावर उभी, आणि तिकडं कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, आईच्या फोनवर घंटा वाजली. आईनं हात जोडले आणि चार्जिंग वाचवायला फोन बंद करून ठेवला. कोपीत लाइट नसते, दुकानात पैसे देऊन फोन चार्ज करावा लागतो. इकडं फाट्यावर मुलगी आईला फोन लावतेय, आणि फोन बंद. तास-सव्वा तास ती बंद टपरीच्या पत्र्याखाली उभी होती. शेवटी गावातलाच दूधवाला आला, त्याच्या गाडीवर बसून घरी गेली. काही वाईट झालं नाही. पण आईनं पाडव्यानंतर येऊन मला जे विचारलं, त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ती म्हणाली, "दादा, घंटा खोटी कशी वाजली?"

मेसेज न येणं त्रासदायक खरं, पण चुकीचा मेसेज येणं त्याहून वाईट. न आलेल्या मेसेजपायी माणूस निदान जागं राहतं.

त्या मायलेकींना समोर बसवून मी सगळं नव्यानं केलं. फाट्याभोवती रिंगण आखलं आणि मेसेजचे शब्द बदलले: ‘फाट्यावर आले.’ ‘घरी पोहोचले’ हे फोननं सांगायचं नाही, ते मुलीनं आजीच्या दारात उभं राहून फोन करून सांगायचं. आईनं तोवर फोन चालू ठेवायचा. फोनला जेवढं कळतं तेवढंच त्याच्या तोंडी घालायचं, हे मला त्या दिवशी सुचलं, आणि तेव्हापासून माझ्या दुकानात ‘सुखरूप पोहोचली’ असा आपोआप मेसेज मी कुणालाच बसवून देत नाही. सुखरूप आहे की नाही हे फोनला काय कळतं? माझ्या मुलाचा मेसेजही आता ‘लातुरात आलो’ एवढाच आहे, आणि रात्री मेसनंतर त्याचा फोन येतो. मेसमध्ये भाजी कोणती होती ते विचारतो. रोज वांगं असतं.

एक जाता जाता: मेसेज मराठीतच ठेवा, पण लहान ठेवा. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची 160 अक्षरं मावतात, देवनागरीची 70. ‘आपली कन्या आज रोजी सायंकाळी आपल्या निवासस्थानी’ असलं काही लिहायला सांगू नका. आणि एसएमएसच ठेवा, त्याला नेट लागत नाही, एका काडीच्या रेंजमध्येही निघून जातो.

आता रागावू नका, पण सांगितलंच पाहिजे. काही जण एका रिंगणावर थांबत नाहीत. रूम, क्लास, मेस, अभ्यासिका, मैत्रिणीची रूम, आणि वर ‘बाहेर पडली की पण कळू द्या.’ अँड्रॉइडवर एका अ‍ॅपला 100 रिंगणं आखता येतात. येतात म्हणून आखायची नसतात. बऱ्याच क्लासमधून हजेरीचा मेसेज तुम्हाला येतोच, मग क्लासभोवती आणखी रिंगण कशाला? एका मुलीनं दुकानात टफन ग्लास लावता लावता मला सहज सांगितलं, "दादा, आम्ही फोन रूमवर चार्जिंगला लावून जातो." कुठं जातात? कुठंही नाही. गंजगोलाईत बांगड्या बघायला, नाहीतर पाणीपुरी खायला. पण जातात फोनशिवाय. म्हणजे तुमच्या फोनवर ती रूमवर बसलेली, आणि खरोखर वेळ आली तर 112 लावायला तिच्या हातात काही नाही. हे तुमच्या रिंगणांनी कमावलं.

म्हणून माझं मागणं एवढंच. लेकराला घेऊन या. त्याच्या हातात फोन असू द्या, कोणती जागा आणि कोणते शब्द, हे त्याला ठरवू द्या. कुणाला मेसेज जावा हेही. एक पोरगी म्हणाली, "आईच्या मोबाईलवर येऊ द्या, पप्पांच्या नको, ते लगेच फोन करतात." बाप शेजारीच उभा होता, कसनुसा हसला. मी आईचा नंबर टाकला. आणि मेसेज नाही आला तर काय, हे त्याच वेळी बोलून घ्या. अर्धा तास थांबायचं, मग फोन, मग रूममेट, मग हॉस्टेल. रूममेटचा नंबर लिहून घ्या. माझ्यासारखं करू नका.

आणखी एक बाजू आहे, ती मला एका बारावीतल्या मुलीनं दाखवली. यंदाच्या जूनमधली गोष्ट. वडील तिला मोटरसायकलवर लातूरला सोडायला निघालेले, सामान पुढं बसनं पाठवलेलं. मी तिच्या फोनमध्ये सगळं करून दिलं, ते खूश. ती म्हणाली, "आता पप्पांच्यात पण करा ना." वडील म्हणाले, "माझ्यात कशाला? मी काय शाळेत जातो?" ती म्हणाली, "तुम्ही मला सोडून रात्री एकटेच परत येता. मग मी जागी असते. तुम्ही फोन करत नाहीत, झोपमोड नको म्हणून."

वडील काही बोलले नाहीत. खिशातून फोन काढून काउंटरवर ठेवला. त्यांच्या स्क्रीनला कोपऱ्यातून तडा गेलेला होता, लोकेशन बंद होतं, 28 दिवस संपायला दोन दिवस राहिले होते. मी घराचं रिंगण आखलं. शब्द काय ठेवू म्हणून विचारलं, तर ते तिच्याकडं बघायला लागले. तिनं सांगितलं, ‘गावात आलो. झोप.’

ती दोघं गेली. मी रात्री दुकान बंद करून घरी आलो तरी माझ्या डोक्यात तेच. आपण लेकरांच्या फोनमध्ये किती रिंगणं आखतो, आणि आपल्या फोनमध्ये एकही नाही. रात्री दहाला मोंढ्यावरून परत येणारे आपण, दारू पिऊन चालवणाऱ्यांच्या रस्त्यावर आपण, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून 300 किलोमीटर जाणारे आपण. कारखान्यावर पोहोचल्याचं त्या धारूरच्या मायनं लेकीला कधी कळवलं होतं का, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. पुढच्या दिवाळीआधी ती येईल तेव्हा विचारणार आहे, आणि तिच्याही फोनमध्ये एक रिंगण आखणार आहे.

तर या. दोघं मिळून या. रिचार्ज शिल्लक आहे का बघून या, चार्जर घेऊन या, अर्धा तास हाताशी ठेवून या. बाजाराच्या दिवशी येऊ नका, तेव्हा मला मान वर करायला वेळ नसतो. आणि फोन लेकराच्या हातात देऊन मगच काउंटरवर ठेवा.

आपला,
बसस्टँडजवळचा मोबाईलवाला, अंबाजोगाई